हिरडीच्या कडेला

नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावी मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. लाल कंधारीच्या, देवणीच्या दावणीवर गिऱ्हाईक आलं की आधी बैलाचं तोंड उघडतं. एक हात वेसणीला, दुसऱ्या हाताचा अंगठा खालच्या ओठात. आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. वय कळलं की भाव ठरतो. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. खालचे आठ काय ते सांगून टाकतात. त्याच दावणीला राखणीचं कारवानी कुत्रं बसलेलं असतं. खंडोबाचं कुत्रं म्हणून त्याला भाकरीचा तुकडा मायेनं मिळतो, पण त्याचं तोंड कुणी उघडत नाही. त्याचा सौदा व्हायचा नसतो. मला वाटतं, जिथं सौदा नाही तिथंच खरं तर निवांत बघता येतं.

आमचा खंड्या कारवानीच. निमुळतं लांब तोंड आणि त्यात बेचाळीस दात. लातूरच्या घरी रात्रीची भाकरी खाऊन झाली की तो ओट्यावर येऊन बसतो. मी त्याचा ओठ कोपऱ्यातून हलकेच वर उचलते. जबडा उघडायची गरजच पडत नाही. पुढचे सुळे पांढरेशुभ्र दिसतात, त्यावर विसंबू नये. खरी गोष्ट आत, वरच्या मोठ्या दाढेपाशी असते. लाळेची वाट तिथंच उघडते, म्हणून कीटणही आधी तिथंच धरतं. हिरडीला चिकटून पिवळट तपकिरी किनार, ज्वारीच्या ताटाला चिकटा धरावा तशी. वरची हिरडी गुलाबी असली तर बरं. दाताच्या कडेनं लाल रेघ उमटली, बोट लागताच रक्त आलं, तर दुखणं सुरू झालंय.

दात घासायची सुरुवात ब्रशनं नाही केली. आधी नुसतं बोट, मग बोटाला गुंडाळलेलं ओलं सुती फडकं, मग मऊ ब्रश. ब्रश तिरपा धरायचा, केस हिरडीच्या कडेला टेकवायचे आणि बारीक गोल फिरवायचे. बाहेरची बाजू झाली तरी पुष्कळ; आतली त्याची जीभ बरीचशी सांभाळते. हे रोजचं हवं, कारण दातावरचा मऊ थर दोन-तीन दिवसांत घट्ट व्हायला लागतो आणि एकदा दगड झाला की घरच्या ब्रशला दाद देत नाही.

शेजारच्या काकू कुंपणावरून विचारतात, "काय करायलीस गं? त्याला बी मिश्री लाव की!" आमच्याकडे कितीतरी बायकांची सकाळ मिश्रीनं होते, त्यांनी आपुलकीनंच सांगितलं. पण मिश्रीत तंबाखू, आणि तंबाखू कुत्र्याला विष. माणसांची पेस्टही नको. त्याला चूळ भरता येत नाही, लावलं ते सगळं पोटात जातं. काही पेस्टमधलं झायलिटॉल तर त्याच्या रक्तातली साखर एकदम खाली आणतं. कुत्र्यांची वेगळी पेस्ट मिळते. नाही मिळाली तर साधं पाणी लावावं. काम ब्रशचं घासणंच करतं.

वाळली भाकरी, हाडूक चघळलं की दात आपोआप साफ होतात, असं खेडोपाडी सगळेच मानतात. भाकरी टोकाला घासते, हिरडीच्या कडेपर्यंत पोचत नाही. टणक हाडानं तर तीच मोठी दाढ तडकते, आणि शिजलेल्या हाडाची कुसळं घशात रुततात.

हिरडीखाली गेलेलं कीटण भूल देऊनच काढावं लागतं. ते काम डॉक्टरांचं. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, परभणीलाही आहे. मात्र तिथवर न्यायचं कधी, हे घरच्यांनाच ओळखावं लागतं. दात दुखला तरी कुत्रं खायचं सहसा सोडत नाही, एवढं ते सोशीक. एकाच बाजूनं चावतं, घास तोंडातून खाली पाडतं, लाळ गाळतं, तोंडाला घाण वास मारतो. डोळ्याखाली सूज आली तर कुणी डोळ्यात थेंब घालत बसतं; पुष्कळदा पू वरच्या दाढेच्या मुळाशी झालेला असतो. तेव्हा त्याच दिवशी दवाखाना गाठावा.