आरसा आणि तंबोरा

दिवेलागण झाली की आमच्या धारवाडच्या घरात तंबोऱ्याचा सूर लागावयाचा, हा गेल्या सहा वर्षांचा परिपाठ. माझी नात हुबळीच्या एका महाविद्यालयात शिकते. सायंकाळी बसने परत आली की हातपाय धुऊन ती रियाजास बसे. गेल्या नवरात्रानंतर तो सूर एकाएकी थांबला. परीक्षा जवळ आली असेल, असे समजून मी प्रथम दुर्लक्ष केले. पण परीक्षा झाली, दिवाळी आली आणि गेली, तरी तंबोऱ्यावरची खोळ निघेना. अखेर एके दिवशी विचारले, तेव्हा ती आमच्या घरच्या कोंकणीत एवढेच म्हणाली, "मगेलो ताळो बरो ना, आज्जा." माझा आवाज चांगला नाही!

मग हळूहळू सारी हकीकत कळली. देवळात म्हटलेल्या भजनाचा एक तुकडा तिने इन्स्टाग्रामवर घातला होता. त्यास चाळीस-बेचाळीस जणांनी पसंतीची खूण केली; त्याच रात्री एका मैत्रिणीच्या नव्या साडीतील छायाचित्रास नऊशे खुणा पडल्या. तेवढ्यावर भागते तर ठीक होते. पण कोणा अनोळखी इसमाने खाली शेरा मारला, "हा मुलगा बरा गातो," आणि त्यापुढे हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मुलीचा आवाज मुळात जरा जाड आहे. सहा वर्षांत त्याची लाज तिला कधी वाटली नव्हती. ती एका रात्रीत वाटू लागली.

मनुष्यास आपली योग्यता मापण्यास दुसरे साधन नसले म्हणजे तो इतरांशी स्वतःस ताडून पाहतो, असे लिऑन फेस्टिंजर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडले. आमच्या विद्यार्थिदशेतही हे होतेच. परंतु ज्यांच्याशी ताडावयाचे ती मुले मोजकी असत, आणि त्यांचे फाटके सदरेही आम्हांस दिसत. आता शेजार जगाएवढा झाला आहे, आणि तो सदैव सणाच्या पोशाखातच दिसतो. इन्स्टाग्राम निघाले २०१० साली. त्याच्या चालक कंपनीची अंतर्गत कागदपत्रे २०२१ साली उघडकीस आली. शरीराविषयी वाईट वाटत असता इन्स्टाग्राममुळे ते अधिकच वाईट वाटते, असे पाहणीत ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितल्याची नोंद त्यांत होती. आपल्या पाहणीचा विपर्यास झाला, असे कंपनीचे म्हणणे. ते काहीही असो. माझ्या घरातील खोळ घातलेला तंबोरा मला पुरेसा बोलका होता.

एका रविवारी मी तिला गंगूबाई हनगल ऐकविल्या. आणि तेही त्याच दूरध्वनीवर, हे कबूल केले पाहिजे. प्रथम १९३० नंतरच्या दशकातील ध्वनिमुद्रिका, 'गांधारी' या नावाने निघालेल्या. त्यांत जी. एन. जोशी यांच्यासह गायिलेली मराठी भावगीतेही आहेत. तो आवाज कोवळा आणि उंच. नंतर उत्तरवयातील गाणे लावले. नात चमकून म्हणाली, "ही तीच बाई?" तीच. धारवाडात १९१३ साली जन्मलेल्या या मुलीस रस्त्यात 'गाणारीण' म्हणून हिणविले जाई. पुढे हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला जाऊन तिने सवाई गंधर्वांकडे विद्या घेतली. घशावरील उपचारानंतर आवाज बदलला, पुरुषी म्हणावा असा भरदार झाला. त्या बाईंनी जुना आवाज शोधीत आयुष्य घालविले नाही. जो आवाज उरला त्यातच त्यांनी किराणा घराण्याचा संथ आलाप उभा केला. २००२ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. २००९ साली हुबळीतच त्यांनी देह ठेवला.

माझा उपदेश असा रंगात आला असता नात शांतपणे म्हणाली, "पण आज्जा, तुम्हीसुद्धा मोजताच की!" माझ्या तोंडून शब्द फुटेना. तिचे दहावीचे गुण मीच नातलगांच्या व्हॉट्सॲपच्या समूहावर घातले होते, आणि किती जणांनी अभिनंदन केले हे रात्रीपर्यंत तीन वेळा पाहिले होते. मुंबईच्या भाच्याने काहीच लिहिले नाही, म्हणून चारचौघांत कुरकुरलोही होतो. तिच्या हाती मोजमापाची ही काठी परदेशातील कंपनीने दिली खरी. पण ती कशी धरावी, हे तिने घरातच पाहिले होते.

त्यानंतर मी तिला काही शिकविले नाही. एवढेच केले की तिचे गुण, तिची छायाचित्रे कोणास पाठविणे सोडले. मार्गशीर्षातील एका संध्याकाळी आतल्या खोलीचे दार लागले आणि तंबोऱ्याच्या तारा जुळविल्याचा आवाज आला. षड्ज लागला, तो नेहमीपेक्षा एक पट्टी खाली. तिने आपली पट्टी बदलली होती. दूरध्वनी बाहेर माझ्या मेजावर पालथा पडला होता. क्षणभर मला मोह झाला, हा सूर टिपून ठेवावा आणि बहिणीला पाठवावा.

मी हात मागे घेतला आणि बाहेर ऐकत बसलो.