उतरायला शिकलो

ज्या वयात माणसाने आरामखुर्चीची चौकशी करावी, त्या वयात मी घरातल्या पॅसेजमध्ये एक लोखंडी दांडा बसवून घेतला. बसवणाऱ्याने सहज विचारले, "काका, झोपाळा टांगायचा का?" मी म्हणालो, "नाही. मलाच टांगून घ्यायचे आहे." तो बिचारा पैसे घेऊन गेला तो मागे वळून न पाहता.

खरे म्हणजे दांडा माझ्यासाठी नव्हताच. तो होता भाच्यासाठी. माझी धाकटी बहीण सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. मेहुणे गेल्यापासून थोडीशी शेती आणि हा एकुलता मुलगा एवढाच तिचा संसार. मुलाच्या मनात सैन्यात जायचे. 2024 साली तो अग्निवीर भरतीची लेखी परीक्षा उतरला. मैदानी चाचणीला तीन महिने होते. वयाची मर्यादा 21 वर्षांची, आणि पुढच्या वर्षी त्याचे वय बसणार नव्हते. बहिणीचा फोन आला, "दादा, त्याला तुझ्याकडे पाठवते. ह्या खेपेला काय ते होऊ दे."

धावण्याची त्याला काळजी नव्हती. अडत होते ते बीमवर. दांड्याला लोंबकळून हनुवटी दांड्याच्या वर नेणे, ह्याला भरतीची मुले 'बीम मारणे' म्हणतात. दहा मारले की 40 गुण, नऊला 33, आठला 27, सातला 21, सहाला 16. आणि सहाच्या खाली आला की घरी! आमचे चिरंजीव नेमके सहावर अडले होते. रोज पहाटे उठून हात सुटेपर्यंत बीम मारायचा. सोमवारी सहा, मंगळवारी सहा, बुधवारी पाच. कोपरे दुखू लागली, तसा हट्टाने अधिकच मारू लागला. मेहनत करूनही माणूस मागे जातो, हे पाहणे फार वाईट असते.

मला माझी तालीम आठवली. पुण्यात लहानपणी मी एका तालमीत जात असे. भिंतीवर खाशाबा जाधवांची तसबीर होती. 1952 साली हेलसिंकीला ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवणारे आपले खाशाबा! तसबिरीखाली मी, अंगाने गोलमटोल, दोराच्या मल्लखांबाशी झटत असे. एकदा कसाबसा वर चढलो आणि आनंदाच्या भरात सर्रकन खाली घसरलो. तळहात सोलून निघाले. वस्ताद शांतपणे म्हणाले, "चढलास ते ठीक. पण उतरलास कुठे? तू तर पडलास."

त्या वेळी मला राग आला होता. वस्तादांच्या बोलण्यात केवढे शास्त्र होते, ते साठीला आल्यावर कळले. जे वजन आपल्याला वर उचलता येत नाही, ते सावकाश खाली सोडण्याइतके बळ स्नायूंत असते. तेव्हा स्टुलावर चढावे, हनुवटी दांड्याच्या वर ठेवून पाय सोडावेत आणि मनात पाच आकडे मोजत खाली यावे. चढण्याची ताकद अशी उतरताना साठते. मात्र ह्याने अंगही फार दुखते; म्हणून आठवड्यातून दोनदाच, आणि तेही चार-पाच वेळा.

ओळखीच्या एका व्यायामशिक्षकांनी दुसरी गोष्ट सांगितली. "हात सुटेपर्यंत मारणे आधी बंद करा. सहा येतात ना? मग तीनच मारायचे. पण दिवसातून पाच-सहा वेळा." पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते, ती बरीचशी मज्जातंतूंची शिकवणी असते, स्नायू फुगायला वेळ लागतो. आणि दमलेल्या विद्यार्थ्याला शिकवून काय उपयोग?

पहिला आठवडा आम्ही बीमला सुट्टी दिली. नुसते लटकायचे, कोपर न वाकवता खांदे कानांपासून खाली ओढायचे, आणि सोडून द्यायचे. काखेपासून पाठभर पंख्यासारखा पसरलेला मोठा स्नायू त्याने जागा होतो. एरवी सगळा भार बिचाऱ्या दंडांवर येतो. मग तीन-तीनचा रतीब सुरू झाला. भाचा आंघोळीला निघाला की तीन, जेवायला आला की आधी तीन. "ह्या घरात आता जकात भरल्याशिवाय स्वयंपाकघरात येता येत नाही," सौभाग्यवती म्हणाल्या. रविवारी पूर्ण विश्रांती. तीन आठवड्यांनी मोजले, सात! दोन महिन्यांनी नऊ.

आता माझे गुपित सांगतो. त्याच वर्षी मे महिन्यात मी बँकेतून निवृत्त झालो होतो. पहिले काही दिवस मजेत गेले. मग सकाळी दहा वाजले की घशाशी काहीतरी येई. भाचा मैदानावर गेला की मी स्टूल ओढून घेई. डॉक्टरांकडून रक्तदाब तपासून घेतला होता, एवढे शहाणपण केले. तळवे स्वतःकडे वळवून धरत असे, कारण तसे धरले की दंडांची मदत जास्त मिळते. पहिल्या दिवशी दोन आकडेही न मोजता फणसासारखा आपटलो. महिन्याभराने पाच आकडे, नंतर दहा.

चाचणीच्या दिवशी भाच्याचा फोन आला. "मामा, नऊ झाले. दहाव्याला हनुवटी लागता लागता राहिली." मी म्हणालो, "पडलास की उतरलास?" तो हसला, "उतरलो, मामा." पुढे यादी लागली, तीत त्याचे नाव होते. बहिणीने फोन केला, पण बराच वेळ ती काही बोललीच नाही. मीही बोललो नाही.

दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी पॅसेजमध्ये मी नेहमीप्रमाणे दांडा धरला. स्टूल कोणीतरी फराळाच्या डब्यांसाठी नेले होते. म्हटले, बघू तर खरे. हातपाय थरथरले, डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि हनुवटीला थंड लोखंड लागले! चकलीचा सोऱ्या हातात घेऊन सौभाग्यवती दारात उभ्या. "अहो, पाय कशावर आहेत तुमचे?"

"कशावरच नाहीत," मी वरूनच म्हणालो, आणि पाच आकडे मोजत खाली आलो.

नोकरीतून मी दोरावरून घसरावे तसा घसरलो होतो. चढायचे कसे हे पस्तीस वर्षे कळत होते, उतरायचे कसे हे कोणी शिकवले नव्हते. ते आता थोडेथोडे जमते आहे. दांडा अजून तिथेच आहे. त्यावर टॉवेल वाळत असतात, आणि लटकण्याआधी मला त्यांच्या घड्या कराव्या लागतात. तोही व्यायामाचाच भाग आहे, असे घरचे मत आहे.