परीक्षण वाचून सिनेमा?

फेब्रुवारी १९७२मध्ये ‘पाकीझा’ आला तेव्हा बऱ्याच समीक्षकांनी नाकं मुरडली होती. आमच्या अम्मीने त्यातलं काहीच वाचलं नव्हतं. शेजारच्या आपा रडून आल्या, तेवढं तिला पुरलं. ३१ मार्चला मीनाकुमारी गेली आणि थिएटरांत गर्दी वाढली.

मी मात्र परीक्षणं वाचतो. किती तारे दिलेत यासाठी नव्हे. सिनेमात मुसलमान पात्र कसं रंगवलंय, ते मला आधी कळायला हवं. मुलीला शेजारी बसवून अडीच तास मान खाली घालायची नसते. पण परीक्षणात छायाचित्रणावर अख्खा परिच्छेद, त्या पात्रावर जेमतेम एक ओळ. मग स्टाफरूममध्ये पाहून आलेल्या सरांनाच विचारतो, “नेऊ का पोरीला?”