कॉपी केलेलं जातं कुठं?

पोस्ट मोठी आहे. सुरुवातीला कॉम्प्युटरचं पुराण वाटेल, पण गोष्ट तुमच्या आधार नंबरापर्यंत येते. त्यामुळे शेवटपर्यंत वाचा.

माझ्याकडं एक जुना डेस्कटॉप आहे. २ जीबी रॅम, त्यावर विंडोज ७. जानेवारी २०२० मध्ये विंडोज ७ चे अपडेट बंद झाले. मशीन तर आधीच दमलेली. ब्राउझर उघडायला टाकायचा आणि चौकात जाऊन चहा पिऊन यायचं, अशी अवस्था. नवा घ्यायचा म्हटलं तर आमच्यासारख्या गावपातळीवरच्या पत्रकाराचं मानधन तुम्हाला ठाऊकच आहे. गल्लीतला इंजिनिअरिंगचा एक पोरगा म्हणाला, "काका, मशीन चांगली हाय. तिच्यावरचं ओझं कमी करा फक्त." त्यानं लिनक्स मिंटची हलकी, एक्सएफसीईवाली आवृत्ती टाकून दिली. एक रुपया लागला नाही आणि मशीन धावायला लागली.

एकच गोष्ट छळायची. पावसाची आकडेवारी असलेली फाइल उघडायची, आकडा कॉपी करायचा, रॅम कमी म्हणून फाइल बंद करायची आणि बातमीत पेस्ट करायचं, तर काहीच उमटत नाही. मला वाटलं कीबोर्ड गेला.

पोरानं समजावलं. लिनक्सवर वर्षानुवर्षं चालत आलेल्या एक्स११ या व्यवस्थेत कॉपी केलेला मजकूर कुठं वेगळा साठवून ठेवलेला नसतो. ज्या प्रोग्राममधून कॉपी केलं तो फक्त 'माल माझ्याकडं आहे' एवढं सांगून बसतो. आपण पेस्ट करतो तेव्हा दुसरा प्रोग्राम त्याच्याकडून तो मागून घेतो. मधेच पहिला बंद केला, तर काही वेळा माल त्याच्यासोबतच जातो. दुकानदाराला सामान बांधून ठेवायला सांगावं आणि आपण पोचायच्या आत त्यानं शटर पाडावं, तसं.

यावर उपाय म्हणजे क्लिपबोर्ड मॅनेजर. छोटासा प्रोग्राम, पडद्याच्या कोपऱ्यात बसून राहतो. आपण जे जे कॉपी करू ते स्वतःकडं घेऊन ठेवतो आणि मागितलं की यादी समोर धरतो. लिनक्सवर असे बरेच आहेत, कॉपीक्यू, पार्सेलाइट, डायोडॉन. कॉपीक्यू करामती आहे, मूळ सेटिंगमध्येच २०० नोंदी ठेवतो. माझ्या मशीनला एक्सएफसीईचा स्वतःचा क्लिपमन पेलला.

त्याचा उपयोग काय, हे पावसाळ्यात कळतं. आपल्या जिल्ह्यात तालुके आठ. वर्धा, सेलू, देवळी, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट, समुद्रपूर. आधी एकेक आकडा उचलायचा, बातमीत टाकायचा, परत फाइलीत जायचं. आठ चकरा. आता आठही आकडे एका दमात उचलतो आणि यादीतून एकेक टाकतो.

'कट-पेस्ट' हा शब्द मुळात छापखान्यातला. आमच्या आधीच्या पिढीत पेस्टर नावाचा माणूस कात्रीनं मजकूर कापून पानावर चिकटवायचा. १९७० च्या दशकात अमेरिकेत झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात लॅरी टेसलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच रीत कॉम्प्युटरवर आणली. टेसलर फेब्रुवारी २०२० मध्ये गेले. पेस्टरकडून चूक झाली तर ती पानावर दिसायची, छपाईआधी कोणी तरी पकडायचं. आमच्या चुकीला तेवढाही वेळ मिळत नाही.

माझी चूक सांगतो. हे लिहिताना आजही हात जड होतो.

गेल्या पावसाळ्यात एका गावातल्या अल्पवयीन मुलीवरच्या अत्याचाराची तक्रार माझ्याकडं आली. नातेवाइकानं सगळा मजकूर पाठवला होता, नावगावासकट. त्यातला एक परिच्छेद मी कॉपी केला, नाव गाळून बातमी लिहिली. दुसऱ्या दिवशी पत्रकारांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी तरी पाऊस विचारला. मी कॉम्प्युटरवरूनच क्लिपमनची यादी उघडली. यादीत प्रत्येक नोंदीचे पहिले काही शब्दच दिसतात. दोन ओळी एकाच तालुक्याच्या नावानं सुरू होत होत्या. मी चुकीची निवडली आणि न वाचताच एंटर दाबलं.

एक मिनिटही झालं नसेल, मी ते सगळ्यांसाठी डिलीट केलं. पण दोघांनी वाचलं होतं. एकाचा लगेच फोन आला, "भाऊ, हे काय टाकून राहिले?" मी दोघांनाही हात जोडले. माझ्या माहितीप्रमाणे गोष्ट पुढं गेली नाही. पण गाव लहान. नाव बाहेर पडलं असतं तर त्या पोरीला शाळेत जाणं मुश्कील झालं असतं. पोक्सो कायद्याच्या कलम २३ प्रमाणे अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा, घरचे, काहीही माध्यमांतून उघड करता येत नाही. शिक्षा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. कायदा मला पाठ होता. तरी झालं.

त्या रात्री मी क्लिपमनची अख्खी यादी वर-खाली वाचली. बँकेचा खाते क्रमांक. एका शेतकऱ्याचा आधार नंबर, त्याचा अर्ज भरून दिला होता तेव्हाचा. माझा स्वतःचा ईमेलचा पासवर्ड. ज्यानं विश्वासानं कागद दिले त्या कर्मचाऱ्याचा मोबाइल. आणि हे सगळं साध्या मजकुराच्या फाइलीत पडून होतं. माझ्या खुर्चीवर कोणीही बसलं असतं तर त्याला दिसलं असतं.

दोष क्लिपमनचा नाही. त्याला लक्षात ठेवायला मीच सांगितलं होतं. विसरायला कधी सांगितलंच नाही.

आता विचार करा, सेवा केंद्रावर, नेट कॅफेत, झेरॉक्सच्या दुकानात दिवसभरात किती जणांचे आधार नंबर कॉपी होत असतील? तिथं बहुतेक विंडोज असतं. त्यातही २०१८ पासून क्लिपबोर्ड हिस्ट्री आहे, विंडोजचं बटन आणि व्ही दाबलं की उघडते. ती आधी चालू करावी लागते, २५ नोंदी ठेवते, आणि पिन केलेल्या सोडल्या तर मशीन रीस्टार्ट झाल्यावर पुसते. पण रीस्टार्ट होईपर्यंत तुमच्या मागच्या ग्राहकाला तुमचा नंबर दिसू शकतो. केंद्र चालवणारे बहुतेक प्रामाणिकच असतात. त्यांनाही हे कोणी सांगितलेलं नसतं, जसं मला नव्हतं.

मी आता काय करतो ते सांगतो.

क्लिपमन काढला नाही, कामाचा आहे. पण बंद होताना यादी जपून ठेवायचा पर्याय काढून टाकला. माउसनं नुसता निवडलेला मजकूरही यादीत जाऊ शकतो, तो पर्याय बंद ठेवला. काम संपलं की यादी पुसतो. पासवर्ड कीपासएक्ससी नावाच्या मोफत प्रोग्राममध्ये ठेवतो, तो कॉपी केलेला पासवर्ड क्लिपबोर्डवरून १० सेकंदांत स्वतःच काढून घेतो. आणि पीडितेचं किंवा माहिती देणाऱ्याचं नाव मी आता कॉपीच करत नाही. लागलंच तर वहीत पेननं लिहितो.

तुम्ही केंद्रावर गेलात तर काम झाल्यावर एवढंच म्हणा, "दादा, क्लिपबोर्ड साफ करून द्या." दहा सेकंदांचं काम आहे. कोणाला राग येणार नाही, आणि आलाच तर माझी ही पोस्ट दाखवा.

केंद्र चालवणारे मित्र इथं आहेत, मला माहीत आहे. तुमच्याकडं ही यादी चालू आहे का, आज एकदा बघा आणि कमेंटमध्ये सांगा. कशी बंद करायची ते जमत नसेल तर विचारा. मला जमेल तेवढं मी सांगतो, उरलेलं आमच्या गल्लीतला पोरगा सांगेल.