रात्री किती वेळा उठता?

पूर्वी आमच्या वणीत पुरुषाला लघवीचा कसलाही त्रास झाला की ती उन्हाळीच ठरायची. पंचविशीतला द्राक्षबागायतदार असो की सत्तरीतले तात्या, औषध एकच: धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, फार तर गोखरूचा काढा. उतारवयात धार बारीक व्हायचीच, असं धरून माणसं वर्षं काढायची. डॉक्टरांपुढे हे खाली मान घालून बसणार आणि बायको सांगणार, "रात्रभर यांची ये-जा चालू असते." एखाद्या रात्री लघवी पार तुंबली, ओटीपोट दगडासारखं झालं, की जीप करून नाशिक गाठायचं आणि नळी टाकायची. प्रोस्टेट हा शब्द घरात यायचा तो तेव्हा.

आता नाशिकला युरॉलॉजिस्टकडे गेलं की बहुधा आधी एक कागद हातात येतो. सरत्या महिन्याबद्दल सात प्रश्न: मोकळं झाल्यासारखं वाटतं का, धार मध्येच तुटते का, घाई होते का, जोर लावावा लागतो का, असे. प्रत्येकाला 0 ते 5 गुण. बेरीज सातपर्यंत असेल तर त्रास सौम्य, 19 पर्यंत मध्यम, 20 ते 35 म्हणजे तीव्र. 1992 साली अमेरिकेत तयार झालेले हे प्रश्न आता जगभर विचारतात. ओटीपोटात, जांघेत महिनोन् महिने दुखणाऱ्या तरुणांसाठी 1999 ची वेगळी प्रश्नावली आहे. तिचे गुण 43, आणि तिच्यात पहिला मान दुखण्याला.

बेरजेवरून रोग कळत नाही. कॅन्सर तर नाहीच नाही, त्याच्या तपासण्या निराळ्या. पण गोळ्या सुरू झाल्यावर तोच कागद पुन्हा भरला की 22 चे 13 झालेले दिसतात. "जरा बरं वाटतंय" यापेक्षा हे केव्हाही चांगलं. शिवाय तोंडाने जे निघत नाही, त्यावर खूण करता येते.

रात्रीच्या प्रश्नाला मात्र आमच्याकडे जोडप्रश्न हवा. शेतीची लाइट रात्रपाळीची असेल त्या आठवड्यात माणूस मोटार चालू करायला उठतोच. उठलाच आहे तर जाऊनही येतो. ते उठणं कशात धरायचं?

सातांच्या बेरजेबाहेर आठवा प्रश्न असतो: उरलेलं आयुष्य असंच काढावं लागलं तर कसं वाटेल? उत्तर 0 ते 6. "चालायचंच" असा पर्याय तिथे नसल्याने बरेच जण मधला आकडा धरतात. बायको शेजारी असेल तर तो वर सरकतो.