विसंगतीशी झालेली ओळख

भिवापूरच्या या निवासी शाळेतून बाहेर पडलेल्या आम्हा काही जणांना कायद्याच्या शिक्षणाची ओढ लागली. त्यामागील प्रेरणा या स्मरणिकेच्या वाचकांना वेगळी सांगावयास नको. परंतु नागपूरच्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठाचे दार 'क्लॅट' परीक्षेतून उघडते आणि ती परीक्षा केवळ इंग्रजीतून होते. १२० मिनिटांत १२० प्रश्न. चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. भाषेची भीती हळूहळू सरली. विसंगतीच्या प्रश्नांनी मात्र आम्हांस फार काळ अडविले.

या प्रश्नांत परस्परविरोधी भासणारी दोन विधाने असतात. दोन्ही खरी मानावयाची आणि त्यांचा मेळ घालणारा पर्याय निवडावयाचा. आम्ही आपल्याच शिवारातील उदाहरणे रचू लागलो. समजा, एका गावात मिरचीची लागवड वाढली, पीकही उत्तम आले. तरीही बाजारात लाल मिरचीची आवक घटली. 'येथील माती मिरचीला मानवते' हा पर्याय एकाच विधानाला आधार देतो. 'लाल मिरचीला भाव चांगला होता' हा पर्याय कोडे अधिकच वाढवितो. 'बहुतेकांनी मिरची हिरवी असतानाच विकली' असे म्हणताच दोन्ही विधाने सुखाने शेजारी नांदतात. भौगोलिक मानांकन लाभलेल्या भिवापुरी मिरचीच्या गावाने आम्हांस असा तर्कही शिकविला.

त्यातून एक शिस्त अंगी बाणली. 'तरीही' या शब्दापाशी थांबावे. काय अपेक्षित होते व काय घडले, हे आपल्या मराठीत मनाशी मांडावे. मगच पर्यायांकडे वळावे. एका विधानाला खोटे ठरविण्याचा मोह आवरावा.

तथापि प्रत्येक विसंगती केवळ भासमान नसते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी इशारा दिला होता, की २६ जानेवारी १९५० पासून आपण राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीच्या जीवनात प्रवेश करीत आहोत. ती लवकर दूर न झाल्यास लोकशाहीची उभारणीच धोक्यात येईल. तेथे चार पर्यायांतून एक निवडून भागत नाही. ती विसंगती समजावून घेण्यासाठी नव्हे, तर मिटविण्यासाठी कायदा शिकावयाचा.

धाकट्या भावंडांनो, या प्रश्नांचा सराव घेण्यासाठी आम्ही सुट्टीत शाळेत अवश्य येऊ. तुम्ही प्रश्न घेऊन बसा.