लक्ष्मीबाईंचे घर

प्रेमळ ख्रिस्ती गृहिणींचा विषय निघाला की मला लक्ष्मीबाई टिळक आठवतात. त्यांचा जन्म 1868 चा. माहेरी वडिलांचे सोवळे इतके कडक, की बाजारातून आणलेले मीठदेखील धुऊन घ्यावयाचे! पती नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले आणि पतिपत्नींची ताटातूट झाली. पुढे जातिभेद माणसाने निर्मिला की देवाने, याचा लक्ष्मीबाईंनी आपल्याशीच विचार केला व कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचे ठरविले. बाप्तिस्मा त्यानंतरचा, 1900 मधला. मला ही पहिली पायरीच अधिक अवघड वाटते.

मग त्यांच्या घरी पोरक्या मुलांची ताटे मांडली जाऊ लागली. पती हातचा पैसा वाटून टाकीत. चूल मात्र लक्ष्मीबाईंनी चालविली. नगरला प्लेगच्या दिवसांत आजाऱ्यांची शुश्रूषाही केली. 1919 मध्ये टिळक निवर्तले, तेव्हा त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ या बेताच्या शिकलेल्या बाईंनी पुढे नेले.

भाषांतर हा माझा रोजचा उद्योग. पण ‘स्मृतिचित्रे’ उघडले की लेखणी थबकते. रडण्याजोग्या प्रसंगी बाई हसतात, आणि ते हसू परभाषेत न्यावे कसे, ते मला अद्याप साधलेले नाही.